वेग नव्हता, मोबाईल नव्हता. तरी गुन्हा निष्काळजीपणाचा?

वाचकाचं पत्र

वकीलताई, नमस्कार.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे, खासगी क्लासमध्ये शिकवते. महिन्याभरापूर्वी संध्याकाळी स्कूटरवरून घरी येत होते. आठवडी बाजाराचा दिवस, रस्त्यावर गर्दी. डाव्या बाजूला एक टेम्पो निम्मा रस्त्यावर उभा होता, त्यातून गोण्या उतरवणं चाललं होतं. टेम्पोपलीकडचं काही दिसत नव्हतं, पण समोरून गाडी येत नव्हती म्हणून मी त्याच्या उजवीकडून पुढे निघाले. टेम्पोच्या तोंडाशी पोचते तोच त्याच्या पुढून एक आजोबा रस्त्यात आले. ब्रेक दाबला तरी धडक बसलीच. दोघंही पडलो. मला खरचटण्यावर भागलं, त्यांच्या पायाचं हाड मोडलं.

माझा वेग पस्तीस-चाळीसच्या वर नव्हता. मोबाईल पर्समध्ये होता, डोक्यावर हेल्मेट होतं, लायसन्स आणि विमा चालू आहे. मी पळून गेले नाही. रिक्षा थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं, पोलिसांना फोनही मीच केला. तरी माझ्यावर एफआयआर झाला. भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५(ब), शिवाय मोटार वाहन कायद्याचं १८४. त्यात लिहिलंय की मी 'रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात' गाडी चालवली. वाचून रडूच कोसळलं.

मामा म्हणतात, 'कोर्टात कबूल कर, हजार रुपये दंड भर आणि मोकळी हो.' आजोबांचा मुलगा म्हणतो, पन्नास हजार द्या, केस मागे घेतो. दवाखान्यात त्याने माझ्याकडून एका कागदावर 'चूक माझी होती' असं लिहूनही घेतलं. मी घाबरले होते, दिलं लिहून. त्यातच माझी बँकेत निवड झाली आहे आणि पुढच्या महिन्यात कागदपत्रांची पडताळणी आहे.

कायद्याच्या नजरेत निष्काळजी नेमकं कोण? मी आहे का?

(नाव-गाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर

आधी मामांचा सल्ला बाजूला ठेवा. त्यांच्या डोक्यातला हजाराचा आकडा कलम २८१ चा आहे. माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा कुणाला इजा होण्याचा संभव असेल इतक्या बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तुमच्या एफआयआरमध्ये १२५(ब) पण आहे. हाड मोडलं की ती कायद्याने गंभीर दुखापत होते, आणि निष्काळजी कृत्यातून गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली. त्याआधी हाच गुन्हा दंड संहितेच्या कलम ३३८ मध्ये होता. तिथे कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड हजारापर्यंत होता. मामांचा हिशेब त्या जमान्यातला आहे.

दोन्ही गुन्हे जामीनपात्र आहेत, त्यामुळे अटकेच्या धास्तीने झोप उडवून घेऊ नका. धास्ती घ्यायचीच असेल तर कबुलीची घ्या. न्यायालयात गुन्हा कबूल करणं म्हणजे दोषसिद्धी. दंड किरकोळ झाला तरी कागदावर तुम्ही शिक्षा झालेल्या आरोपी होता. सिग्नल तोडल्याचं चलन भरलं की विषय संपतो, तसं हे नाही. बँकेची पडताळणी तोंडावर असताना तर हा मार्ग अजिबात नको.

आता तुमचा खरा प्रश्न. निष्काळजी म्हणजे दारू प्यायलेला, फोनवर बोलणारा, सुसाट सुटलेला, अशी तुमची समजूत दिसते. बहुतेकांची असते. कायदा वेगळ्या ठिकाणाहून बघतो. तुमच्या मनात काय होतं, तुम्ही स्वभावाने किती सावध आहात, अपघातानंतर किती माणुसकीने वागलात, यातलं काहीही तो या टप्प्यावर विचारात घेत नाही. समोरच्याला किती लागलं, यावरूनही निष्काळजीपणा ठरत नाही. हाड मोडलं म्हणून तुम्ही जास्त निष्काळजी होत नाही आणि नुसतं खरचटलं असतं म्हणून कमी झाला नसतात. दुखापतीवरून कलम ठरतं, शिक्षेची मर्यादा ठरते. दोष ठरतो तो अपघाताच्या आधीच्या काही सेकंदांवरून. त्या सेकंदांत, त्या सीटवर, त्या रस्त्यावर एखादा समंजस चालक बसला असता तर त्याला काय दिसलं असतं, त्याने कशाचा अंदाज बांधला असता आणि काय केलं असतं, एवढाच प्रश्न. तुम्ही जे केलंत ते त्याच्या मागे किती पडलं, ते मोजायचं.

बेदरकार आणि निष्काळजी यांत फरक आहे, तोही लगे हात सांगते. धोका कळत असून 'बघू, काही होत नाही' म्हणत पुढे जातो तो बेदरकार. जो धोका दिसायला हवा होता तो ज्याला दिसलाच नाही, तो निष्काळजी. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८१ मध्ये इदू बेग खटल्यात हा भेद मांडला आणि आजही वकील त्याच्यावरच बोट ठेवतात. त्याच निकालाने हेही सांगितलं की फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी हयगय ढोबळ आणि दोषास्पद असावी लागते. साधी चूक पुरत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले. 'टेम्पोपलीकडचं काही दिसत नव्हतं, पण समोरून गाडी येत नव्हती म्हणून मी पुढे निघाले.' तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण सरकारी वकील सगळ्यात आधी याच मुद्द्यावर बोट ठेवतील. समोरून गाडी येत नव्हती, हे तुम्ही बघितलंत. पायी माणूस येऊ शकतो, हे बघितलंत का? बाजाराचा दिवस, गोण्या उतरवणं चालू, उभ्या गाडीच्या पुढून कुणीतरी बाहेर येणार याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही.

थोडं गणित करू. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. माणूस दिसल्यापासून बोटं ब्रेकवर आवळली जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, कधी जास्तच. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच स्कूटर अकरा मीटर पुढे गेलेली असते. टेम्पोच्या तोंडापासून आजोबा किती लांब होते? दोन मीटर? तीन? त्या वेगात तुम्ही कितीही चपळ असतात तरी ब्रेकचा उपयोग होणार नव्हता. ताशी वीसला हेच अंतर साडेपाच मीटर, आणि ताशी दहाला तीनाच्या आत. तेव्हा 'मी ब्रेक मारला होता' हा बचाव फारसा चालत नाही; ब्रेक मारायला जागा उरेल असा वेग तुम्ही ठेवला होता का, हा खरा मुद्दा. मोटार वाहन चालवण्याबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय विनियमांतही रस्त्याची, रहदारीची, दृश्यतेची स्थिती पाहून वेग ठेवायला सांगितलं आहे आणि पादचारी, मुलं, वृद्ध यांची विशेष काळजी घेण्याचं बंधन चालकावर टाकलं आहे. वेगमर्यादेच्या आत होते, हे म्हणणं म्हणूनच अर्धंच उत्तर आहे. २०१२ च्या रवी कपूर निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हळू चालणारं वाहनही बेदरकारपणे आणि निष्काळजीपणे चालवलेलं असू शकतं.

एवढं वाचून घाबरू नका, कारण नाण्याची दुसरी बाजू तितकीच भक्कम आहे. महादेव हरी लोकरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या वकिलांना तोंडपाठ असेल. बसखाली पादचारी सापडला होता. न्यायालय म्हणालं, माणूस एकाएकी रस्ता ओलांडायला धावला तर बस कितीही हळू असली तरी चालकाला अपघात टाळता येईलच असं नाही. १९७९ च्या सय्यद अकबर प्रकरणात लहान मूल अचानक बसपुढे आलं. चालकाने त्याला वाचवायला बस उजवीकडे कापली, तरी मूल गेलं. चालक सुटला. अपघात झाला याचाच अर्थ चालकाची चूक, हे फौजदारी न्यायालयात गृहीत धरता येत नाही, असं त्यात ठामपणे म्हटलं आहे. नंतर शांतपणे खुर्चीत बसून 'असं करायला हवं होतं' म्हणणं सोपं असतं. कायद्यातला समंजस चालक काही सर्वज्ञ नाही. तोही माणूसच असतो आणि त्यालाही तेवढेच सेकंद मिळतात.

तेव्हा तुमचं प्रकरण दोन टोकांच्या मध्ये आहे. आजोबा 'आले' की 'धावत आले', की टेम्पोच्या आडून डोकावून मग निघाले? तुम्ही टेम्पोला घासून गेलात की हातभर अंतर ठेवून? हॉर्न दिला होता? उतरवणारा कुणी हात दाखवत होता का? पत्रात यातलं काहीच नाही आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आठवणी ताज्या आहेत तोवर एका वहीत सगळं लिहून काढा, जसं घडलं तसं, तुमच्या विरुद्ध जाणारंही. ती वही वकिलांशिवाय कुणाला दाखवू नका.

आता एफआयआरमधलं ते वाक्य, ज्याने तुम्हाला रडू आलं. 'रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात' हा मजकूर आपल्याकडच्या अपघाताच्या एफआयआरमध्ये इतका नेहमीचा आहे की ठाणे अंमलदार तो न बघता टाइप करतात. बैलगाडीने सायकलला धडक दिली तरी 'भरधाव' येईल! कायद्याच्या कलमातले शब्द फिर्यादीत असावेत म्हणून तो घातला जातो. तो तुमच्याबद्दलचा निष्कर्ष नव्हे, आरोप आहे, आणि आरोप सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या प्रकरणात साक्षीदार एवढंच सांगत राहिले की ट्रक 'भरधाव' होता. किती वेग, रस्ता कसा, रहदारी किती, काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सुटका कायम ठेवली, कारण नुसत्या 'भरधाव' शब्दाने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तुमच्या खटल्यातही साक्षीदार हाच शब्द बोलतील. त्यांनी प्रत्यक्ष काय पाहिलं, ते किती अंतरावर होते, धडकेच्या आधी त्यांचं लक्ष कुठे होतं, हे तुमच्या वकिलांनी बाहेर काढायचं आहे. बहुतेक साक्षीदार आवाज ऐकून वळलेले असतात.

कलम १८४ बद्दल मला तुमच्याइतकंच नवल वाटलं. ते धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याचं कलम. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात यादी दिली: लाल सिग्नल तोडणं, थांबण्याची खूण न पाळणं, हातात फोन धरून चालवणं, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं, उलट्या दिशेने जाणं. यातलं तुम्ही काही केलेलं दिसत नाही. उरतं त्या यादीतलं शेवटचं पोटकलम: सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या कितीतरी खाली जाऊन चालवणं, आणि तसं चालवणं धोक्याचं आहे हे सक्षम, सावध चालकाला उघड दिसेल असं असणं. 'कितीतरी खाली' या शब्दांवर जोर आहे. ब्रिटनमध्ये याच्या दोन पायऱ्या आहेत. तिथला रस्ते वाहतुकीचा कायदाही योगायोगाने आपल्या मोटार वाहन कायद्यासारखा १९८८ चाच. अपेक्षेच्या नुसतं खाली गेलात तर तिथे निष्काळजी चालवण्याचा कमी शिक्षेचा गुन्हा, कितीतरी खाली गेलात तर धोकादायक चालवण्याचा मोठा गुन्हा. आपण वरची पायरी उचलून आणली आणि खालची तिथेच राहिली. त्यामुळे आपल्याकडे साधी चूक करणाऱ्यालाही पोलीस वरच्याच पायरीवर उभं करतात. माझ्या मते तुमचं वागणं फार तर 'खाली' म्हणता येईल, 'कितीतरी खाली' नाही, आणि १८४ टिकणं अवघड आहे. पण हे पत्रावरून बनलेलं मत आहे. पंचनाम्यात काही वेगळं असेल तर ते बदलेल.

टेम्पोवाल्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत याचं आश्चर्य वाटलं. रस्त्यात धोका किंवा अडथळा होईल असं वाहन उभं करणं मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमाविरुद्ध आहे, आणि सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्याबद्दल न्याय संहितेचं २८५ वं कलम आहे. फौजदारी खटल्यात दुसऱ्याची चूक दाखवली म्हणून आपली पुसली जात नाही. आजोबांनी बघायला हवं होतं, हा युक्तिवादही एकटा पुरत नाही. पण इजा तुमच्या कृत्याचा थेट परिणाम होती का, हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. तुमचं कृत्य नसतं तर इजा झाली नसती, एवढं म्हणून भागत नाही. मूळ घडवणारं कारण तेच होतं असं दिसावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी १९०२ मध्ये हे सूत्र मांडलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका रंगाच्या कारखान्याच्या आगीच्या खटल्यात ते उचलून धरलं. ती मृत्यूची प्रकरणं होती, पण कारणाचा धागा दुखापतीच्या खटल्यातही तसाच तपासला जातो. टेम्पो कुठे, रस्त्याच्या कडेपासून किती आत उभा होता, हे घटनास्थळ पंचनाम्यात आलं आहे का ते पाहा. टेम्पो निघून गेल्यावर पंचनामा झाला असेल तर त्यात त्याचा उल्लेखही नसेल. तसं असल्यास तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या: टेम्पोचा शोध घ्यावा, समोरच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण ताब्यात घ्यावं, आरटीओ निरीक्षकाचा स्कूटरच्या तपासणीचा अहवाल घ्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. दुकानातली चित्रणं काही दिवसांनी आपोआप पुसली जातात आणि तुमचा आधीच महिना गेलाय, त्यामुळे हे काम उद्याच करा.

याच्या जोडीला एक दुसरं न्यायालय आहे, ज्याच्याबद्दल तुम्हाला कुणीच सांगितलेलं दिसत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. आजोबा तिथे नुकसानभरपाई मागू शकतात. कायद्याने दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिथेही 'निष्काळजी' हाच शब्द चालतो, पण तराजू वेगळा. फौजदारीत वाजवी शंका उरता कामा नये. दावा न्यायाधिकरणात कुठली गोष्ट जास्त संभाव्य वाटते एवढंच बघतात. तिथे पुरावाही कमी लागतो आणि दोषाची वाटणीही होते: इतके टक्के स्कूटर, इतके टेम्पो, इतके स्वतः पादचारी. म्हणून एकाच संध्याकाळबद्दल एक न्यायालय तुम्हाला निर्दोष म्हणेल आणि दुसरं काही टक्के जबाबदार धरेल, आणि दोन्ही बरोबर असतील. १९८० च्या एन. के. व्ही. ब्रदर्स प्रकरणात बसचालक फौजदारीत सुटलेला असूनही भरपाई द्यावीच लागली. तुमच्या बाबतीत न्यायाधिकरण तुमच्यावर थोडाफार दोष ठेवेल असं मला वाटतं, आणि खरं सांगायचं तर ठेवावाच. न दिसणाऱ्या कोपऱ्यावरून वेग न कमी करता जाणं हे तेवढं तरी आहे. त्याने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही आणि पैसे विमा कंपनी भरते. मात्र कंपनीला अपघात कळवलाय का? वैद्यकीय मदत देणं, चोवीस तासांच्या आत पोलिसांना सांगणं आणि विमा कंपनीला माहिती देणं, हे तिन्ही कलम १३४ खालचं चालकाचं कर्तव्य आहे. पहिली दोन तुम्ही चोख पार पाडलीत. तिसरं राहिलं असेल तर पॉलिसीची प्रत, एफआयआर, लायसन्स जोडून आजच लेखी कळवा.

यावरून आजोबांच्या मुलाकडे येते. केस मागे घेणं त्याच्या हातात नाही. २८१ चा खटला सरकारचा असतो आणि तो आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. दोन्ही बाजू राजी असल्या तर उच्च न्यायालयाकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम ५२८ खाली एफआयआर रद्द करण्याचा अर्ज करता येतो. तो मंजूर करणं न्यायालयाच्या मर्जीवर. पन्नास हजार रोख देऊन आलात तर पैसेही जातील, खटलाही राहील आणि विमा कंपनी ते पैसे परत देण्याचं बंधन मानणार नाही. औषधपाण्याला मदत करावीशी वाटत असेल तर जरूर करा, ती कबुली होत नाही. दवाखान्याचं किंवा औषधाच्या दुकानाचं बिल परस्पर भरा आणि पावती ठेवा. मुलाच्या हातात रोख नको. आणि आजोबांना भेटायला जायचं असेल तर जा. वकील म्हणून मी जपून राहायला सांगायला हवं, पण ज्याचा पाय मोडलाय त्याची विचारपूस केल्याने कुणाचा खटला हरलेला नाही. फक्त पुन्हा काही लिहून देऊ नका.

त्या लिहून दिलेल्या कागदाचं फार मनावर घेऊ नका, पण तो लपवूही नका. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा मात्र खासगी माणसाला दिलेला कागद आहे, त्यामुळे तो न्यायालयात दाखवला जाऊ शकतो. पण रडवेल्या अवस्थेत 'चूक माझी होती' म्हणणं आणि वाहन निष्काळजीपणे चालवलं हे सिद्ध होणं यांत पुष्कळ अंतर आहे. त्या वाक्यात वेग नाही, अंतर नाही, टेम्पो नाही. अपघातानंतर भली माणसं हेच बोलतात आणि न्यायाधीशांना ते माहीत असतं. वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे उलटतपासणीत ते अचानक समोर येणार नाही.

वकील फौजदारी काम करणारा घ्या, आणि तालुक्याच्या कोर्टात अपघाताचे खटले चालवलेला घ्या. १२५(ब) ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत गेल्यामुळे हा आता वॉरंट खटला, म्हणजे दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा खटला होतो. त्यात एक सोय आहे. दोषारोपपत्र आणि सोबतची कागदपत्रं हाती पडल्यापासून साठ दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. कागदांवरून गुन्हाच दिसत नसेल तर खटला उभा राहण्याआधी सुटका मिळते. १८४ साठी तरी तो करून बघण्यासारखा आहे. स्कूटर अजून ठाण्यात पडली असेल तर सुपूर्तनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन, या लेखी हमीवर) सोडवण्याचा अर्जही लगेच द्या. पावसात ती तिथे गंजून जाईल.

राहिली बँक. पडताळणीच्या फॉर्ममध्ये तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, खटला प्रलंबित आहे का, असा रकाना असतो. तिथे 'नाही' लिहायचा मोह होईल, घरातलं कुणीतरी तसा सल्लाही देईल. लिहू नका. उमेदवाराने पडताळणीत खटल्याची माहिती लपवण्याबद्दलच्या अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्ह्याचं स्वरूप, पदाचं स्वरूप आणि उमेदवाराने दिलेली माहिती हे सगळं पाहून नोकरी देणाऱ्याने निर्णय घ्यायचा. अपघाताचा प्रलंबित खटला उघडपणे सांगणाऱ्याला नोकरी मिळण्याची आशा चांगली असते. लपवून नंतर सापडलेल्याला काढून टाकणं बँकेला सोपं जातं. रकान्यात पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, तारीख, कलमं आणि 'तपास सुरू' एवढंच लिहा. सोबत एफआयआरची प्रत आणि अपघाताची चार ओळींत माहिती देणारं पत्र जोडा. जखमीला तुम्हीच दवाखान्यात नेलं हे त्यात आवर्जून येऊ द्या. दोषारोपपत्र दाखल झालं, तारीख पडली, निकाल लागला, की दर वेळी बँकेला लेखी कळवत राहा आणि पोच जपून ठेवा.